नरेश म्हात्रेची पेटी

नरेश म्हात्रे खुर्चीवर बसलेला मला आठवत नाही. त्याला खुर्ची होती, चांगली चाकांची, पाठ मागे झुकणारी. पण तिच्यावर कायम त्याची पिशवी, दोन-चार वायरी आणि कुठल्या तरी डब्याचं झाकण बसलेलं असे. नरेश उभा. टेबलाशी कमरेत वाकून टाइप करायचा आणि एंटर दाबलं की चालायला लागायचा. आमचा बोर्ड सुरू व्हायला चाळीस सेकंद लागत, तेवढ्यात तो जिन्यापर्यंत जाऊन परत येई. वाटेत कुणी ‘काय म्हात्रे, जेवण झालं का’ म्हणून थांबवलं की चिडायचा, कारण फेरीची वेळ चुकायची.

आमची कंपनी महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर. कंपनी म्हणजे नऊ माणसं आणि मालक सावंत साहेब. पंपांवर नजर ठेवणाऱ्या पेट्या आम्ही बनवायचो. पाणी वाढलं की पेटीने पंप सुरू करायचा, उतरलं की बंद करायचा. सोसायटीची तळघरं, कारखाने, खाडीकाठची पंपघरं, अशा ठिकाणी त्या लागत. प्रत्येक पेटीत पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड असतो. तो म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर, आणि त्याला चालवणारं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे लिनक्स. ते चालतं ठेवणं हे नरेशचं काम. मी तपासणीला. त्याने उभं करायचं आणि मी ते पाडून दाखवायचं, यासाठीच मला पगार होता.

मी साताऱ्याची. सानपाड्यात राहायला येऊन नऊ वर्षं झाली तरी समुद्राची मला काही अक्कल नव्हती. नरेश खाडीकाठचा, आगरी. नावड्याच्या पलीकडे त्याचं गाव. त्याच्या टेबलावर, स्क्रीनच्या कडेला, तिथीचं कॅलेंडर टांगलेलं असे. मला आधी वाटलं, माणूस उपासतापासवाला आहे. एकदा विचारलं तर म्हणाला, “ताई, तिथीची पावनपट कर. भरतीची वेल निघते. आज चतुर्थी, चार. पावनपट तीन. तीन वाजता खाडी भरनार.”

मी तपासणीची बाई. लगेच इंटरनेटवर पाहिलं. पाऊण तासाचा फरक निघाला. मी विजयी मुद्रेने सांगितलं.

“तुजा इंटरनेट बरोबर असंल,” तो म्हणाला, “पन खाडी माज्या गावाची हाय.”

गावाची गोष्ट तो सरळ कधी सांगत नसे, चालता चालता तुकडे टाकायचा. आजूबाजूला भराव घालून शहर वर उचललं आणि गाव होतं तिथेच राहिलं, म्हणजे खाली राहिलं. बांधाला उघाडी आहे, म्हणजे ओहोटीला पाणी खाडीत सोडणारी झडप. भरतीला ती बंद ठेवावी लागते, नाहीतर खाडी आत येईल. त्याच वेळी वरून पाऊस असला की गावाचं पाणी गावातच कोंडतं. म्हणून गावकीने उघाडीजवळ पंप बसवला होता आणि नरेशच्या शब्दावर त्याला आमची पेटी. नरेश स्वतः करंजाड्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्याची आई, नागूबाई, गावातच खालच्या आळीत. तिला त्याने फ्लॅटवर चार दिवसांसाठी आणलं होतं, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. ‘वर टांगल्यासारका वाटतंय’ एवढंच तिचं म्हणणं.

मी तिथे असतानाच आमच्या पेटीतला जुना बोर्ड बनणं बंद झालं. विकणाऱ्याने नवा दाखवला. तोच आकार, स्क्रूची तीच भोकं, वर स्वस्त. सावंत साहेब खूश. “म्हात्रे, फक्त बोर्ड बदलायचाय. किती दिवस?”

“साहेब, फक्त डोका बदलायचा हाय, धड तेच ठेवायचा हाय,” नरेश म्हणाला आणि जिन्याकडे चालू लागला.

लिनक्स हा हुशार पण भयंकर संशयी सरकारी माणूस आहे असं नरेशचं मत. नव्या जागी रुजू झाला की आधी कागद मागतो. इथे काय काय आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, कुठला पाय, म्हणजे बोर्डाची कुठली पिन, कुणाच्या ताब्यात आहे, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. त्या फाइलीला डिव्हाइस ट्री म्हणतात. नरेश तिला सातबारा म्हणायचा. म्हात्र्यांचं नाव सातबाऱ्यावर लागायला त्यांच्या घरात दोन पिढ्या गेल्या होत्या, तेव्हा या विषयावर तो अधिकाराने बोले. थोड्याच दिवसांत सावंत साहेबसुद्धा फोनवर गिऱ्हाइकाला ‘सातबाऱ्याचं काम चालू आहे’ असं सांगायला लागले. गिऱ्हाईक काय समजलं असेल देव जाणे.

नवा सातबारा कोरा कुणी लिहीत नाही. जवळच्या नात्यातल्या बोर्डाचा घ्यायचा आणि बदलायचा. नरेशनेही तेच केलं. दहा ठिकाणी बदल हवे होते, नऊ केले. बोर्ड झकास सुरू झाला, तासभर चालला आणि मुका झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तासाभराने मुका. चार दिवस नरेश मजलाभर फिरत होता. चपलांच्या आवाजाने आमच्या अकाउंटंट बाईंचं डोकं उठलं. मी म्हणाले, माल खराब आहे. पाच बोर्ड बदलून पाहिले, पाचही मुके. पाचव्या दिवशी तो पाण्याच्या कूलरपाशी उभा होता. अर्धा ग्लास भरला आणि तसाच थांबला. ग्लास वाहायला लागला, चपला भिजल्या.

“एकर लिवलाय, ताई! हाय अर्धा एकर!”

नात्यातल्या त्या बोर्डाला मेमरी दुप्पट होती. कागदावर ती तशीच राहून गेली होती. लिनक्स बिचारं कागदावर विश्वास ठेवून नांगर चालवत जायचं आणि हद्द संपली की कोसळायचं. त्या दिवशी नरेशने मार्करने ‘कागद खरा की जमीन खरी?’ असं लिहून भिंतीवर चिकटवलं. मग ते वाक्य त्याच्या तोंडी बसलं. सावंत साहेबांनी डिलिव्हरीची तारीख सांगितली तरी हेच विचारायचा.

दुसरा तमाशा झाला तो हे काम जगाला द्यायचं ठरवल्यावर. आमच्या पेटीतलं मूळ सॉफ्टवेअर सगळ्यांचं, उघडं. देशोदेशीची माणसं त्यात भर घालतात. नवा बोर्ड त्यात घालायचा तर आपलं काम तिथे पाठवायचं, मग तिथली जाणती माणसं ते तपासणार आणि पसंत पडलं तर घेणार. सावंत साहेबांना ही उठाठेव नको होती. आपली पेटी चालली की झालं. नरेश ऐकेना. “आपल्याच घरात ठेवला तर आपन गेल्यावर कोन बगनार?” असं त्याचं म्हणणं.

कुठल्या तरी थंड देशातला एक गृहस्थ ते तपासायला बसला होता. फार सभ्य आणि फार चिवट. ओळींचा क्रम चुकला, परत. समासात एक जागा जास्त, परत. वर्णन लांब, परत. मग वर्णन तोकडं, परत. नरेशचं इंग्रजी मी नीट करून द्यायची आणि तो शेजारी उभा राहून माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवायचा. असं करत सात वेळा पाठवलं. “आमच्या गावात लग्नाची पत्रिका पन सात जनांना दाखवत नाय,” तो म्हणाला. पण आठवं पत्र पाठवायची वेळ आली नाही. सातव्याला त्या गृहस्थाचा होकार आला. अशा कामाच्या तळाशी कुणी केलं आणि कुणी तपासलं याची नावं कायमची राहतात. ‘तपासलं’ या शब्दापुढे माझं नाव होतं. मी ते साताऱ्याला वडिलांना पाठवलं. त्यांनी विचारलं, “सरकारी आहे का?”

ती तपासणी मी मन लावून केली होती हे मला सांगितलंच पाहिजे. पेटीची खरी परीक्षा लाइट गेल्यावर असते. वीज जाते, येते, आणि पेटीने कुणी हात न लावता उठून आपल्या कामाला लागायचं असतं. मी शंभर वेळा प्लग काढला आणि शंभर वेळा लावला. बोर्ड उठताना काय काय करतो ते दिसावं म्हणून त्याला एक काळी केबल लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, म्हणजे एकेक ओळ समोर येत जाते. शंभराच्या शंभर वेळा उठला. मी वहीत शंभर बरोबरच्या खुणा केल्या.

पहिली पेटी कुठे लावायची यावर थोडी चर्चा झाली. मी म्हणाले, एखाद्या कारखान्यात लावू, चुकलं तर निभावेल. नरेशच्या गावची जुनी पेटी अधूनमधून दगा द्यायला लागली होती. “पयला घास आपल्या घरात,” तो म्हणाला आणि स्वतः नेऊन बसवून आला.

श्रावणातली अमावास्या. उधाण आणि वरून पाऊस. दुपारी बाराच्या सुमाराला नरेशच्या फोनवर आईचा आवाज इतका मोठा आला की मला माझ्या टेबलावर ऐकू आला. “नरेश, तुजी पेटी उठली नाय! पानी घरान आयलं!”

तो धावत जिना उतरला. महाप्याहून रिक्षाने तो पोचेपर्यंत खालच्या आळीत गुडघाभर पाणी होतं. लाइट गेली होती, दहा मिनिटांत आली होती. पेटी मात्र उठली नव्हती. पंप हाताने सुरू करायची सोय होती, पण तिकडे कुणी वेळेवर गेलंच नाही. आधी पेटी नव्हती तेव्हा गावातलं कुणी ना कुणी उधाणाला जाऊन बसायचं. आता पेटी करेल म्हणून सगळे घरात. नागूबाईचे तांदूळ भिजले, गाद्या भिजल्या, शेजारच्या घरात एक आजारी म्हातारा होता त्याला खाटेसकट उचलून वरच्या आळीत न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पेटी काढून आणायला मी त्याच्याबरोबर गेले. पंपाच्या शेडपाशी गावकीची आठ-दहा माणसं जमली होती. हिराजीकाका म्हणून एक वयस्क गृहस्थ पुढे होते. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“नरेश, आमी तुज्या शब्दावर पेटी लावली. तू तपासली व्हती ना?”

मी छत्री घेऊन शेजारी उभी होते. तपासली मी होती. शंभर खुणांची ती वही माझ्या पिशवीत होती.

“तपासनी अर्धी झाली, काका,” नरेश म्हणाला. “चूक माजी हाय.”

“भादव्याचा उधान बगू. तवा नाय उठली तर पेटी काढून टाकू. पयल्यासारका मानूस बसवू. आनि नरेश, मग परत कंदी गावान तुजा असला काय आनू नको.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. परतीच्या रिक्षात मात्र राहवेना. म्हणाले, “नरेशदादा, तपासणी माझी होती.” तो बाहेर बघत होता. म्हणाला, “ताई, गाव मला वलखतो. तुजा नाव घेऊन त्यांचं पानी उपसनार होता का?” शेडपाशी गप्प राहिल्याची मला लाज वाटली आणि अजून वाटते.

मग तो महिना. पेटी टेबलावर आणली, काळी केबल लावली, प्लग काढला, लावला. उठली. परत काढला, लावला. उठली. दिवसभर उठत राहिली. नरेशने पेटी तीन वेळा गावच्या शेडमध्ये नेली, लॅपटॉप उघडला, मेन स्विच खाली-वर केला. तिथेही उठली. तो गावातून निघाला आणि दोन दिवसांनी लाइट गेली की मुकी. त्याने विजेला दोष दिला, पावसाला दिला, बोर्ड बनवणाऱ्याला तर फारच दिला. प्रत्येक मोठ्या भरतीला रजा टाकून तो शेडमध्ये जाऊन उभा राही. ऑफिसात असला की मन गावात, गावात असला की इथे काय बिघडलंय याचा घोर. सावंत साहेबांनी एकदा सरळ विचारलं, “म्हात्रे, तुम्ही नोकरी कुठे करता?” घरी बायकोही तेच विचारत होती. त्याचं वजन उतरलं. मी डबा पुढे केला तर दोन घास उभ्याने खायचा आणि चालायला लागायचा.

उलगडा झाला तो नागूबाईकडून. एका शनिवारी मीही गेले होते. नरेश शेडमध्ये ओणवा, लॅपटॉपवर ओळी धावतायत, पेटी शहाण्यासारखी उठतेय. नागूबाई चहा घेऊन आली होती. लहानखुरी बाई, डोक्यावर टोपली उलटी धरून पाऊस अडवलेला. बराच वेळ बघत उभी राहिली.

“तू ती काली दोरी लावतंस तवाच उठते ती,” ती म्हणाली. “दोरी काढून जातंस, मग नाय उठत.”

“आय, दोरी नुसती बगायची हाय. तिचा काय संबंध नाय.”

“मना काय ठावं? मी बगलं ते बोलतंय.”

नरेशने केबल काढली, स्विच पाडला, वर केला. आम्ही तिघं थांबलो. चाळीस सेकंद गेले, दोन मिनिटं गेली. पेटी मुकीच. केबल लावली, स्विच खाली-वर. उठली. नरेशने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शंभर खुणा शंभरदा दोरी लावून केलेल्या होत्या.

झालं होतं असं. बोर्ड उठताना दोन सेकंद थांबतो आणि विचारतो, कुणाला काही सांगायचंय का? त्या काळ्या केबलवरून कुणी एखादी कळ दाबली तर पुढे न जाता हुकमाची वाट बघत बसतो. जुन्या बोर्डात केबलचा तो पाय आतून घट्ट बांधलेला होता. नव्यात स्वस्त करण्याच्या नादात तो मोकळाच सोडला होता. केबल लावली की पायाला आधार मिळे. केबल नसली की शेडमधल्या तारांची कुरकूर त्या मोकळ्या पायावर यायची आणि बोर्डाला वाटायचं, कुणीतरी बोलतंय. मग तो अदबीने थांबून राहायचा, वर पाणी चढत असताना. आम्ही बघत होतो म्हणून तो चालत होता. आमच्या धंद्यात बघितल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि म्हणून ही चूक आमच्यासारख्यांनाच करता आली असती. नागूबाईला लॅपटॉपवरचं काही वाचता येत नव्हतं, ती फक्त माणूस आणि दोरी बघत होती.

दुरुस्ती चार ओळींची. सातबाऱ्यात त्या पायाला आतून बांधल्याची नोंद केली आणि कुठल्याही फालतू कुरकुरीने थांबायचं नाही अशी बोर्डाला तंबी दिली. या वेळी मी केबल लावलीच नाही. पंपाच्या जागी एक बल्ब जोडला, दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि फटीतून उजेड आला की वहीत खूण करत गेले. शंभर झाल्या तरी थांबले नाही, दोनशे केल्या.

ही दुरुस्तीही जगाला पाठवायची होती. तिथे चूक कुणी दाखवली त्याचंही नाव लिहायची पद्धत आहे. नरेशने लिहिलं, नागूबाई म्हात्रे. वर्णनात त्याने, मी इंग्रजी नीट करायच्या आधी, साफ लिहून टाकलं होतं की आम्ही केबल लावूनच तपासत राहिलो, ही आमची चूक. त्या थंड देशातल्या गृहस्थाने नेमाने हरकत घेतली. चूक दाखवणाऱ्याचा ईमेल पत्ता नाही.

नरेशने उत्तर दिलं, “तिला ईमेल नाही. ती पंपाशेजारी राहते.”

दोन दिवसांनी त्या गृहस्थाचा होकार आला. त्याखाली एकच ओळ होती, तिला माझा नमस्कार सांगा.

नरेशने सांगितला. “कोन तो?” असं विचारून ती पुन्हा मासे साफ करायला लागली म्हणे.

भादव्याचं उधाण म्हणजे सर्वपित्री अमावास्या. नरेशचे वडील जाऊन सहा वर्षं झालेली, दरवर्षी या दिवशी दुपारी तो गावी जाऊन त्यांच्या नावाचं पान ठेवी, कावळ्याला घास घाली. आणि नेमकी दुपारीच भरती. तो आदल्या दिवसापासूनच जायला निघाला होता. आईने अडवलं. फोनवर म्हणाली, “तू येऊ नको. तू आलास तर मना कलनार कसा, पेटी उठते का तू उठवतंस? गावाला पन कलनार नाय.”

“आय, बापाचं पान?”

“दोनला आलास तरी तुजा बाप काय उठून जानार नाय.”

माझा कंपनीतला तो शेवटचा दिवस. दुसरीकडे नोकरी लागली होती, पेढे आणले होते, पण नरेशच्या तोंडात घालायला तो एका जागी थांबत नव्हता. पेटी दर मिनिटाला नेटवर्कवरून ऑफिसच्या स्क्रीनवर आपली खूण पाठवायची, ती आम्ही बघत होतो. बाहेर पाऊस धरलेला. बारा वाजून दहा मिनिटांनी खूण थांबली. गावात लाइट गेली.

नरेश जिन्यापर्यंत गेला, परत आला. वरच्या मजल्यावर गेला, परत आला. साडेबारा झाले. खूण येईना. लाइट आली नसेल, आली असेल आणि नेटवर्क गेलं असेल, किंवा पेटी मुकी बसली असेल. त्याने आईला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. हिराजीकाकांना लावला, बंद. पाऊण वाजला.

त्याने लॅपटॉप मिटला. मी दारात गेले.

“बाजूला हो, ताई.”

“आयने सांगितलंय.”

“घरान पानी गेला असंल. ती एकटी हाय.”

“मला माहिती आहे,” मी म्हणाले. “पण तू गेलास तर ती पेटी कायम तुझ्या हातानेच उठत राहील.” मी चुकीचं बोलत असले तर? गावात त्या क्षणी पाणी चढत असलं तर? पण एकदा जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प राहिले होते, आता हलायचं नाही असं ठरवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे लाल झाले होते. मला ढकलून गेला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

फोन वाजला. त्याने हातातून पडता पडता सावरला, स्पीकर लागला.

“आय! लाइट आयली का?”

“कवाची आयली.”

“पेटी?”

“उठली.”

“कोन गेलं व्हतं तिकरं?”

“कोन नाय. मी दारान बसलंय, हिराजी पन माज्या वट्यावर बसलाय. दोघा बगतंव. आपली आपून उठली. पानी पायरीच्या खाली हाय, उतरतंय.”

म्हणजे गेलं होतं ते नुसतं नेटवर्क. नरेशचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“फोन का नाय उचललास, आय?” शेवटी त्याने विचारलं.

“हात खरकटा व्हता. तुज्या बापाचं पान वाढत व्हते. थांबवलंय. ये आता.”

“आदी शेडमदे जातंय, पेटी बगून मग—”

“पेटीला काय बगाचा? जेवाला ये.”

मी त्याच्या मागोमाग जिना उतरले, पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात कोंबला. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. तो भिजत जाऊन तिच्यात बसला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “किधर?”

“नावडे के आगे, गाव में,” नरेश म्हणाला. “थोडा जल्दी चलो भाऊ, बाप का खाना रुका है.”

“बुड्ढे आदमी को इतना टाइम भूखा नहीं रखने का,” रिक्षावाला म्हणाला आणि त्याने रिक्षा दामटली.